पत्र्यावर वाळत घातलेलं जाळं

दिनांक २ फेब्रुवारी १९९८, सोमवार, तुमच्या तेराव्याचा दुसरा दिवस. तुमची होडी, दोन वल्ही आणि घरात असतील तेवढी जाळी मिळून साडेचार हजार रुपयांना द्यायची ठरली. ठिकाण भिगवण, तुमची पडवी. हजर माणसं पाच: तुमच्या वत्सलाअक्का, मुलगी सुनंदा, अक्कांची बहीण म्हणजे माझी बायको कमल, मी, आणि घेणारे बशीरभाई, ज्यांच्या काट्यावर तुम्ही इतकी वर्षं मासळी घातलीत. पैसे रोख, तिथल्या तिथे.

मारुतराव, हे आधी लिहिलं, कारण तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच आला असता. "काय हिशेबनीस, कितीला गेलं?" बारामतीच्या अडत पेढीवर मी वह्या लिहितो, म्हणून साडू म्हणायचं सोडून तुम्ही मला हिशेबनीस म्हणायचात. मला ते आवडायचं, हे मात्र मी कधी बोललो नाही. साडेचार हजारांतून थोडी रक्कम परत गेली. ती का गेली हे सांगायचं तर मला पाच वर्षं मागं जावं लागतं.

सुनंदाची बारावी झाली आणि तुम्ही तिला बी.एस्सी.साठी आमच्याकडे बारामतीला घेऊन आलात. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेले मरळ मासे. आमचे घरमालक वरच्या मजल्यावर राहणारे, माळकरी. कमलनं खिडक्या लावून मासे तळले आणि नंतर दोन दिवस उदबत्त्या लावल्या. तुम्ही उंबऱ्यातच उभं राहून म्हणालात, "शिकंल तवर ठिवा. नापास झाली की म्या घिऊन जातो. तकरार न्हाय." एकुलती एक मुलगी दुसऱ्याच्या घरी ठेवताना माणूस इतकं कोरडं कसं बोलतो, असं मला वाटलं. स्टँडकडे जाताना मात्र सारखे मागं वळून पाहत होतात, आणि त्या नादात उसाच्या बैलगाडीला धडकलात.

पहिली दोन वर्षं आमच्या घरात रसायनशास्त्र वासानंच आलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी तिच्या ओढणीला सडक्या अंड्यांचा वास यायचा आणि कमल तिला तशीच मोरीत ढकलायची. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग पडायचे, ते आठवडाभर निघत नसत. शेजारणी विचारायच्या, मेंदी बिघडली का गं? जर्नलं पुरी करायच्या दिवसांत जेवायच्या जागी आलेखाचे कागद पसरलेले असत आणि मी भिंतीला टेकून ताट मांडीवर घेऊन जेवत असे. त्या कागदांकडे पाहून मला बरं वाटायचं. पेढीवर आम्ही आकडे ओळीत मांडतो. ती त्यांना टिंबं करून एका रेषेत आणायची, आणि रेषेबाहेर पडलेलं टिंबही खोडायची नाही. मी एकदा म्हणालो, "हे एवढं एक वाकडं पडलंय." ती म्हणाली, "पडलंय तर राहू दे, काका. ते तसंच आलं."

तिसऱ्या वर्षाला तिनं मटेरियल्स केमिस्ट्री घेतली. वर्गातली बहुतेक मुलं साखरेच्या नाहीतर औषधांच्या बाजूला गेली, कारण कारखाने आसपासच. तुम्ही विचारलंत, "मटेरियल म्हंजी? वाळू-खडी?" तिनं आमच्या मोरीतली प्लॅस्टिकची बादली आणून तुमच्यापुढे ठेवली. बादलीची कड तडकून तिचे कपचे निघत होते.

"तात्या, ही कशानं फुटली?"

"आपटली आसंल."

"नाही आपटली. उन्हानं फुटली. हिच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लांब साखळ्या असतात. ऊन त्या तोडतं. तुमच्या नायलॉनच्या जाळ्याचंही तसंच. वस्तू कशाची झालीय, का टिकते, का मोडते, ते शिकायचं."

तुम्ही बादली उलटीसुलटी करून पाहिलीत. "आमाला तर निस्ता दोरा दिसतो, बया. तुटला की गाठ मारायची. का तुटला ते कशाला पायजे?"

"कळलं तर कमी तुटंल."

"आन तुटायचंच थांबलं, तर तुझ्या बापानं काय करायचं?"

आम्ही हसलो. पण तो प्रश्न तुम्ही अर्धाच चेष्टेनं विचारला होता. तुमच्या वडिलांची मेंढरं गेली, धरणाच्या पाण्याखाली जमीन गेली, आणि लग्न झालेल्या वयात तुम्ही जाळं विणायला शिकलात. मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीतली एक म्हातारी तुम्हाला शिकवायची आणि हिणवायची, "मेंढरामागं फिरलेला गडी. ह्याच्या हातात सुई टिकंल व्हय?" टिकली. इतकी टिकली की फाटकं जाळं पाहिलं की तुमचा हात आपोआप पिशवीत जायचा. पिशवीत पान-तंबाखू नसली तरी नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची सुई असायचीच. एकदा बारामतीच्या मंडईत कांद्याच्या फाटक्या जाळीदार पिशवीला तुम्ही उभ्या उभ्या दोन गाठी मारल्यात, आणि ती बाई पिशवी परत मागायला लागली तेव्हा भानावर आलात.

ही सवय मला माहीत होती, अक्कांना माहीत होती, सुनंदाला तर जन्मापासून माहीत होती. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिनं प्रोजेक्ट जाळ्याचाच घेतला. नवं जाळं तुमच्याकडूनच मागून आणलं, कशाला ते नीट सांगितलं नाही. जुलैपासून दर महिन्याला त्या जाळ्याची एक पट्टी कापून आमच्या गच्चीवरच्या तारेला बांधायची. डिसेंबरपर्यंत सहा पट्ट्या झाल्या. पहिली सहा महिने उन्हात राहिलेली, शेवटची एकच महिना. जानेवारीत सगळ्या उतरवायच्या, एकेक पट्टी आडव्या दांडीला टांगून तिला खाली बादली बांधायची, मापानं पाणी ओतत जायचं आणि किती लिटरला तुटते ते लिहायचं. कुठली पट्टी कुठल्या महिन्याची हे कळायला प्रत्येकीच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. चिंध्या कमलच्या ब्लाउजपिसांच्या. तिच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हे नीट पार पडलं तर पहिला वर्ग नक्की. आणि पहिला वर्ग मिळाला तरच पुण्याला एम.एस्सी.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. सुनंदा कॉलेजात, मी पेढीवर, कमल तिळगूळ आणायला गेलेली. तुम्ही न कळवता आलात. घराला कुलूप, म्हणून जिना चढून गच्चीवर ऊन खात बसलात. आणि तारेवर जाळ्याचे सहा तुकडे लोंबताना दिसले. तुम्ही विणलेलं जाळं, कुणीतरी फाडून टाकलेलं, वर चिंध्या लावलेलं.

दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा तुम्ही जिन्यावरून खाली आलात, दोन्ही हातांत एकसंध जाळं पसरून धरलेलं. "घे. कुनी फाडलं, इचारत न्हाय. सांधलंय." चिंध्या कुठं गेल्या म्हणून तिनं विचारलं. "त्या व्हय? काडल्या की. जाळ्याला चिंधी लावत्यात का कुटं?" मालकांच्या झाडूनं त्या केव्हाच केरात गेल्या होत्या.

तिनं आत जाऊन चहा टाकला. चहात साखर नव्हती. तुम्ही तो तसाच प्यालात आणि चांगला झालाय म्हणालात. काहीतरी बिघडलंय हे तुम्हाला तेव्हाच कळलं असावं.

स्टँडवर तुम्हाला सोडताना मी सगळं सांगितलं. तुमची गाडी आली, थांबली, गेली. तुम्ही बसलात तिथून उठला नाहीत. मग म्हणालात, "म्या उसवून दितो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आलात आणि दिवसभर गच्चीवर बसून स्वतःच्या गाठी सोडवल्यात. विणताना मान ताठ असायची तुमची. उसवताना ती खाली होती. संध्याकाळपर्यंत सहा पट्ट्या पुन्हा वेगळ्या झाल्या, पण कुठली कुठल्या महिन्याची, हे काही त्यांच्यावर लिहिलेलं नव्हतं. मग तुम्ही एकेक पट्टी बोटांत चुरून पाहिलीत. "ही सगळ्यात जुनी. हाताला कडक लागती. ही तिच्या मागची. लाव वळीनं, पोरी. म्या सांगतो ना."

सुनंदा तुमच्यापुढे खाली बसली. "तात्या, कडक झालेली पट्टी जुनी असणार असं तुम्ही आधीच धरलंत. ती कमी पाण्याला तुटणारच. मग मी काय शोधलं?"

"आगं पर कोन इचारायला येतंय?"

"कोणी नाही येणार."

एवढंच म्हणून ती खाली गेली. मग आपण दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो आणि तुम्ही माझ्यावर घसरलात. तुम्हाला वाटत होतं, मी सांगितलं तर ती ऐकेल. मी म्हणालो, जी रक्कम माहीत नाही ती मी कधी वहीत लिहिली नाही, तिला कशी सांगू? तुम्ही म्हणालात, "ही तुमची पेढी न्हाय, हिशेबनीस. पोरगी हाय. तिचं वरीस चाललंय." मी म्हणालो, रकाना कोरा ठेवता येतो. तुम्ही म्हणालात, "कोऱ्या रकान्याला पुन्याची गाडी मिळती व्हय?"

 

तिनं त्या सहा पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि नव्या टांगल्या. परीक्षेपर्यंत त्यांना जेमतेम तीन महिन्यांचं ऊन मिळालं. फरक थोडा निघाला आणि तिनं तो थोडाच लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, सुरुवातीला सहा महिने म्हटलंय, ते कुठं गेलं? ती म्हणाली, "वडिलांना वाटलं जाळं फाटलंय, म्हणून त्यांनी विणलं, सर." ते हसले नाहीत, हे तिनं मला घरी आल्यावर आवर्जून सांगितलं. पण मार्क त्यांनी समोर होतं त्यालाच दिले.

निकाल सांगायला मी भिगवणला आलो. तुम्ही होडीला डांबर लावत होतात. पहिला वर्ग गेला, म्हणालो. किती कमी पडलं? नऊ मार्क. तुम्ही हात थांबवला नाहीत.

"माझ्यापायी?"

"पेपरातही गेले असतील."

"खरं सांगा, हिशेबनीस."

"बहुतेक."

तुम्ही मान डोलावलीत आणि उरलेली फळी डांबरून पुरी केलीत. दुसरा कुणी असता तर माझं तोंड पाहिलं नसतं. तुम्ही मला जेवायला घातलंत, आणि वाढताना रश्श्यातला मोठा तुकडा माझ्या ताटात टाकलात. त्या घासाबद्दल मी आभार मानले नाहीत. साडवांमध्ये ती पद्धत नाही.

सुनंदाला तुम्ही घरी नेलंत. ती नापास झाली नव्हती, पण तुमचा पहिल्या दिवसाचा शब्द तिला आठवला असणार. इंदापूरला पाण्याच्या पाइपांच्या एका लहान कारखान्यात ती पाइप तपासायला जाऊ लागली. सकाळच्या गाडीनं जायची, दिवसभर पाइप दाबून, वाकवून, फुटेपर्यंत ताणून पाहायची, संध्याकाळी परत. पगार थोडा. तक्रार एकही नाही, आणि तेच तुम्हाला बोचत होतं.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी मी आलो तर तुमच्या घराच्या पत्र्यावर बांबूची चौकट आणि चौकटीला ताणून बांधलेलं एक आख्खं नवं जाळं. पाण्यात एकदाही न गेलेलं. मी विचारलं तर तुम्ही तोंड फिरवून म्हणालात, "तिचं हाय. सा म्हैनं ऱ्हाऊ दे, न्हायतर चार वर्सं. लागंल तवा कापून नेईल. म्या हात लावायचा न्हाय."

भिगवणला तुमची काय चेष्टा झाली. धरणाच्या पाण्याकडे जाणारा प्रत्येक माणूस वर पाहून बोलायचा. बशीरभाई तर काट्यावरूनच ओरडायचे, "मारुतराव, जाळं वाळवताय का कुजवताय?" तुम्ही म्हणायचात, "पोरीचा अभ्यास वाळत घातलाय." लोक हसायचे. पण फाटक्या पिशवीला गाठ मारल्याशिवाय ज्याला पुढं जाता येत नाही, त्या माणसानं रोज सकाळ-संध्याकाळ डोक्यावर एक चांगलं जाळं सडताना पाहायचं, हे काय होतं ते मला ठाऊक आहे. तुमचं प्रायश्चित्त तुम्ही पत्र्यावर ठेवलं होतंत आणि त्याच्याखाली झोपत होतात.

सुनंदा दर दोन-तीन महिन्यांनी एक पट्टी कापायची आणि पडवीच्या आढ्याला टांगून पाणी ओतायची. वर्षभरानं दुसऱ्या वर्गाच्या मुलांनाही मुलाखतीवर घेणार असं कळलं आणि तिनं पुन्हा अर्ज केला. मुलाखतीला तिला विचारलं, मधल्या वर्षात काय केलं? तिनं पाइपांचं सांगितलं आणि पत्र्याचं सांगितलं. यादीत नाव लागलं. तुम्ही मला पेढीवर फोन करून एवढंच बोललात, "रकाना भरला तुमचा." आणि फोन ठेवलात.

पण वाद तुम्ही सोडला नव्हता. प्रत्येक भेटीत तो निघायचाच. "तुमच्या कोऱ्या रकान्यानं पोरीचं एक वरीस खाल्लं." मी म्हणायचो, खाल्लं, पण पचलं. तुम्ही म्हणायचात, "तुमाला पचलं. खाल्लं तिचं." तुम्हाला कधी न बोललेली गोष्ट आज लिहितो. सकाळच्या इंदापूर गाडीत उभी राहिलेली ती मला डोळ्यांसमोर यायची तेव्हा तुमचीच बाजू बरोबर वाटायची. मग तिचा एखादा आलेख आठवायचा, आणि माझी वाटायची. आजही मला नक्की सांगता येत नाही.

ती पुण्याहून संक्रांतीला येणार होती, प्रॅक्टिकलमुळे अडकली. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला येते, दीड वर्ष उलटून गेलेली पट्टी आता कापायची, तुमच्यासमोर पाणी ओतायचं, असा तिचा निरोप होता. तुम्ही बादली घासून ठेवली होतीत, असं अक्का सांगतात. वीस तारखेला सकाळी होडीतून उतरताना तुमच्या छातीत कळ आली. बाकी लिहीत नाही.

तर सोमवारी. सौदा ठरल्यावर बशीरभाई जाळी मोजायला उठले. पडवीतली मोजली, मागच्या खोलीतली मोजली, आणि अंगणात जाऊन वर पाहून म्हणाले, "ते वरचं पण धरलंय मी."

"ते नाही, चाचा," सुनंदा म्हणाली, आणि शिडी लावून वर गेली. पट्टी कापायला कोपरा शोधत असताना ती थांबली. बराच वेळ खाली वाकून राहिली. मग हाक मारली, "आई, ही चिंधी कसली?"

आम्ही सगळे अंगणात आलो. जाळ्याच्या एका कडेला मळकी तांबडी चिंधी बांधलेली होती आणि तिच्याशेजारी विणीतली दोन-तीन घरं नव्या दोऱ्यानं सांधलेली.

अक्का खालूनच म्हणाल्या, "बगळा आडाकला व्हता गं, श्रावनात. लई फडफडत व्हता. तुज्या बापानं वर चढून सुरीनं दोरा कापला न् सोडला त्याला. मग तितं भगदाड पडलं, वाऱ्यानं फाटत चाललं. दोन दिस बघितलं, तिसऱ्या दिशी गाठ मारली. म्या म्हनलं, मारली तर मारली, पोरीला कशाला सांगायचं? तर म्हनले, तेवढी जागा तिनं धरायची न्हाय, वळखायला खून पायजे. आन आपला जुना पटका फाडून चिंधी बांधली."

तुम्ही गेल्यापासून सुनंदा रडली होती, गप्प राहिली होती. त्या दिवशी पत्र्यावर बसून ती हसली. "राहवलं नाही त्यांना," म्हणाली, आणि मग पुन्हा रडली.

मारुतराव, मीही शिडी चढलो, या वयात. चिंधी हातात धरून पाहिली. गाठ तुमचीच, दुहेरी. जाळ्याला चिंधी लावतात का कुठं, असं विचारणाऱ्या माणसाची. आपल्या वादाचा निकाल तुम्ही मला तोंडानं कधी कळवला नाहीत. बगळा श्रावणात अडकला. त्यानंतर दिवाळीला आपण भेटलो, तेव्हाही तुम्ही "खाल्लं तिचं" म्हणालातच.

चिंधीपासून लांबची पट्टी तिनं कापली. पडवीच्या आढ्याला टांगली, तुम्ही घासलेली बादली बांधली, मी माप धरलं. नव्या पट्टीला सतरा लिटर लागले होते. हिला पाच लिटरही पुरते झाले नाहीत, चौथ्याच्या पुढे थोडं ओतलं आणि ती तुटली. पाणी सगळं पडवीत सांडलं, बशीरभाईंचे पाय भिजले. तुम्ही हे विचारलं असतंत म्हणून लिहिलं. तिच्या वहीत ते त्याच दिवशी चढलं आहे.

बशीरभाई म्हणाले, "ठेवा ते वरचं जाळं. सौदा तोच."

अक्का ऐकेनात. "सौद्यात धरलं न्हवं तुमी? मग फुकाट न्हाय ठिवायचं. त्यास्नी चाललं नसतं."

"अक्का, फाटक्या जाळ्याचं काय घेऊ मी? आणि पोरगी तरी त्याचं काय करणार?"

सुनंदा म्हणाली, "तुटेपर्यंत ठेवणार, चाचा."

बशीरभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा, चाळीस." कमल म्हणाली, जास्त होतात. ते म्हणाले, "मारुतरावच्या हातचं आहे. कमी कसं सांगू?"

जाळं पत्र्यावर आहे, चिंधीसकट. चार हजार चारशे साठ रुपये वत्सलाअक्कांच्या हाती दिले. चाळीस रुपये बशीरभाईंना परत, सुनंदाच्या हातून.